मागच्या सालांत पेरून पाहिलं

दसरा मागं पडला की आमच्या वावरात पांढरं फुटायला लागतं. सकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहिलं की आधी वास येतो, मग कापूस दिसतो. दवाचा, सुकत चाललेल्या पानांचा आणि आतल्या सरकीचा मिसळलेला वास. शहरातली माणसं म्हणतात कापसाला वास नसतो. त्यांनी औषधाच्या दुकानातला कापूस पाहिलेला असतो.

यंदाही फुटला. परवा सुनेनं सीतादही केली. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे वावराच्या कडेला दगड मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच दहीभात पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, शिंपडतात. मग वेचायला हात लावायचा. सून मनापासून करते, पण तिचा भात जवळच पडतो. सुभद्राचा लांब जायचा. पाखरं हाकलावी तशी ती मूठ फेकायची. दोन शितं माझ्या टोपीवर पडली की वेचणाऱ्या बाया हसायच्या आणि ती म्हणायची, राहू द्या, यांच्याही डोक्यात काही पिकलं तर पिकलं.

सुभद्रा माझी बायको. ती गेली. लोक विचारतात, आता सवय झाली असेल. नाही झाली. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणत नाही.

पण कापूस फुटला की मला ती गेली ते साल आठवत नाही, त्याच्या आधीचं एक साल आठवतं. बोंडअळीचं. ज्या साली वावरात कापूस नव्हता आणि आम्ही घरात बसून मागच्या सालांत पैसे पेरून पाहत होतो. ऐकणाऱ्याला वेड्याचं काम वाटेल. मलाही वाटलं होतं.

बीटीचं, अळी न लागणारं बियाणं आलं तेव्हाचे पहिले हंगाम ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. बोंडं अशी लागली की फांद्या जमिनीला टेकल्या. हिरवी अळी औषधाला सापडेना. घरात कापूस, ओसरीवर कापूस, लेकरं कापसावर झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. त्या कापसावर गावात स्लॅब पडले, मोटारसायकली आल्या. ज्वारी मागं हटली. आधी आम्ही पऱ्हाटीत तुरीची ओळ धरत होतो, कडेला मूग-उडीद टाकत होतो. ते सगळं गेलं. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एकच पीक. ज्यानं दोन ओळी ज्वारीच्या ठेवल्या त्याला पारावर विचारायचे, का बे, जनावरं लय झाली का तुह्यी?

त्या बियाण्याच्या डब्यात एक लहान पाकीट यायचं. साधं बियाणं, बीटी नसलेलं. ते वावराच्या चारी कडेला पेरायचं असं डब्यावर छापलेलं होतं. अळीला खायला थोडं साधं पीक ठेवलं तर ती बीटीला लवकर सरावत नाही, असा त्यामागचा हिशेब. आता समजतो. तेव्हा सगळ्या गावाचं एकच मत होतं, जे पाकीट कमी पिकतं त्यासाठी चांगली जमीन का वाया घालवायची? कोणी उकिरड्यावर फेकलं, कोणी बैलाच्या ढेपेत मिसळलं. आमच्या घरी सुभद्रानं एकदा त्यातलं मूठभर परसात लावलं होतं, वातीसाठी. बाकीची पाकिटं कुठं गेली ते मला माहीत नाही, आणि माझ्यासारख्या कोणालाच माहीत नसणार.

मग बरीच वर्षं गेली. खर्च वाढला, फवारण्या परत आल्या, भाव आपल्या मर्जीनं चालला. आसपासच्या काही घरांतून माणूसच उठून गेला. त्यावर मी लिहीत नाही. ज्यांच्या घरचं आहे त्यांनी लिहावं.

आणि मग ते साल आलं. बाहेरून पऱ्हाटी हिरवीगार. बोंड गच्च. फोडलं की आत गुलाबी अळी आणि आखडून पिवळा पडलेला कापूस. बोट घातलं तर ओलसर, कुजका. दिवाळीच्या सुमारास वेचायला बाया आल्या आणि दुपारच्या आधीच परत निघाल्या. वेचायला होतंच काय. एकीनं जाताना ओटीतला चिमूटभर कापूस माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, घ्या भाऊ, कानात घालाले होईन.

त्याच साली रस्ता रुंद झाला. आमच्या वावराची कडेची पट्टी त्यात गेली. बाभळी गेल्या, बैल बांधायची जागा गेली, आणि बदल्यात बँकेत पैसा आला. जमिनीचा पैसा घरात आला की घरातले सगळे एकमेकांशी जरा गोड बोलायला लागतात. मुलगा संतोष टेम्पो चालवतो. त्याच्या मनात दुसरा टेम्पो. माझ्या मनात विहिरीचं काम.  सुभद्रानं नात शाळेतून आल्यावर तिच्यासमोरच विचारलं, या पोरीचं काय?

नात म्हणजे प्राजक्ता, संतोषची लेक. तेव्हा अकरावीला होती, नांदुऱ्याला जाऊन-येऊन शिकत होती. तिला नर्स व्हायचं होतं. हे खूळ तिच्या डोक्यात आदल्या पावसाळ्यात शिरलं. शेजारच्या वावरात फवारणी करता करता एकाला भोवळ आली. आम्ही मोठी माणसं कोणी लिंबू शोधतोय, कोणी कांदा हुंगवतोय. या पोरीनं ओरडून त्याचा भिजलेला सदरा काढायला लावला, साबणानं अंग धुवून काढायला लावलं आणि बापाला टेम्पो काढ म्हणाली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, अंग कोणी धुतलं? तो माणूस आजही तिला पाहिली की टोपी काढतो.

तर तिची बारावी व्हायची होती, मग कॉलेज. म्हणजे पैसा लगेच लागणार नव्हता. दोन सालांनी लागायला सुरुवात होणार आणि मग दरसाल लागणार. वावरात कापूस नव्हता, दुसरीकडून काही यायचं नव्हतं. हा पैसा टिकला तर पोरगी नर्स. बुडाला किंवा नको तेव्हा अडकला तर बारावीनंतर तिला पाहायला पाहुणे येणार. आमच्याकडे पाहुण्यांना वेळ लागत नाही. एवढी साधी गोष्ट होती आणि ती घरातल्या सगळ्यांना कळत होती. 

जमिनीच्या पैशाचा वास कापसाच्या वासापेक्षा लांब जातो. आठवडा झाला नाही तोच एक साहेब दारात आला. बूट चकचकीत. त्यानं एक कागद उलगडला. त्यावर एक रेघ, खालून वर चढत गेलेली. म्हणाला, काका, त्या साली या फंडात एवढे टाकले असते तर आज एवढे झाले असते. मी कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला. रेघ सुंदर होती. मी विचारलं, हे तुम्ही काढलं कसं? तो म्हणाला, आमच्याकडे तपासायचं सॉफ्टवेअर आहे, सभासद झालात तर तुमच्यासाठीही काढून देऊ, थोडी फी आहे. चहा पिऊन तो गेला. मी तर मनात सहीसुद्धा करून टाकली होती.

प्राजक्ता म्हणाली, "आबा, थांबा जरा. असं तपासाचं फुकट बी असंल. मी शोधून पाह्यतो."

वेचणी नव्हती म्हणून दुपारी हात रिकामे होते. दर साली ज्या खोलीत छपरापर्यंत कापूस असतो तिथं त्या साली कोपऱ्यात गुडघाभर ढीग होता. त्यावर आम्ही बसायचो. फोनला रेंज फक्त दाराच्या चौकटीजवळ. म्हणून प्राजक्ता उंबऱ्यात, सुभद्रा तिच्या मागं तुरीच्या शेंगा निवडत, मी ढिगावर, आणि रशीदभाई दाराबाहेर खुर्ची टाकून. रशीदभाई माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिकला नाही की त्याचंही पिंजण गप्प बसतं, म्हणून तोही मोकळाच होता.

शोधाचा हा तमाशा बरेच दिवस चालला. पहिलं जे सापडलं ते खरंच फुकट, पण त्यात सगळे शेअर अमेरिकेचे. रशीदभाई म्हणाला, आपला कापूस आणि त्यांचा काटा, जमणार कसं? दुसरं आपल्याकडचं होतं. त्यात प्राजक्तानं सगळं भरलं, कुठं किती टाकायचं, किती साल ठेवायचं. भरून झालं आणि निकाल दाखवायच्या वेळी त्यानं कार्डाचा नंबर मागितला. पहिला आठवडा फुकट, पुढं आपोआप कापणार. रशीदभाई म्हणाला, म्हैस फुकट आहे, फक्त दावं विकत घ्यायचं आहे. तिसरं एका फंडवाल्यांचंच होतं. त्यात त्यांचेच फंड दिसायचे आणि सगळेच गोड निघायचे. बाजारात कोणती बाई आपली बोरं आंबट सांगते? आणखी एक असं होतं की ते आधी नाव, गाव, फोन मागायचं आणि मग दिवसभर फोन वाजायचा. सुभद्रानं एकदा तो उचलला. समोरच्या पोरीला विचारलं, तुझं जेवण झालं का, आई काय करते, आणि अर्धा तास बोलत बसली. परत त्यांचा फोन आला नाही.

मग एक सापडलं. दिसायला साधं, जाहिरातींनी भरलेलं, पण पैसे मागत नव्हतं आणि नावही विचारत नव्हतं. आपल्याकडच्या फंडांचे जुने भाव रोजच्या रोज नोंदलेले असतात आणि ते कोणालाही पाहता येतात. त्याच्यावरच ते चालायचं. कोणते फंड, कोणात किती, कधीपासून, एवढं भरलं की रेघ निघायची. शेजारी साधी बँकेतली ठेव ठेवून तिचीही रेघ काढता यायची.

मी म्हणालो, "म्हणजे कापून झालेल्या वावरात पेरणी?"

"हाव आबा. पेराचं नाही, पेरलं असतं तर किती पिकलं असतं थे पाह्याचं. याले बॅकटेस्ट म्हणतात."

"निकाल लागल्यावर पेपर सोडवला तर सगळेच पास होतात," मी म्हणालो. पण हात शिवशिवत होते. मी तिला साहेबाच्या कागदावरचा फंड टाकायला लावला. सगळा पैसा त्यातच. ठेव नको. कधीपासून, तिनं विचारलं. मी साहेबानं सांगितलेलं साल सांगितलं. रेघ निघाली. तीच, वर चढत गेलेली. मी सुभद्राकडे पाहिलं, म्हटलं, बघ.

रशीदभाई बाहेरून म्हणाला, "शालिकभाऊ, सोयरिकीले आलेल्या पाव्हण्याले तुमी कोणत्या सालचा कापूस सांगता?"

मी म्हणालो, "कोणत्या म्हणजे?"

"चांगल्या सालचाच ना? मीबी तसाच सांगतो. थो कागदवालाबी सोयरीकच जमवून राह्यला होता."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. पोरीच्या बापाला आपण चांगल्या सालाचा उतारा सांगतो आणि तो मान डोलावतो, कारण तोही तेच करतो. दोघांनाही माहीत असतं. पण इथं सांगणारा मीच आणि फसणारा मीच. आणि खरं सांगायचं तर गावानं बीटीचंही हेच केलं होतं. पहिल्या हंगामांचा कापूस पाहिला, तीच रेघ मनात पुढं ओढली आणि धुऱ्यापर्यंत पेरलं. कोणाकडे यंत्र नव्हतं, पण चाचणी सगळ्यांनी केली होती. फक्त सुरुवात चांगल्या सालापासून धरली होती.

प्राजक्तानं मग सुरुवात बदलली. त्या यंत्रात अशीही सोय होती की एकच साल न धरता प्रत्येक महिन्यात पेरून पाहता येत होतं. या महिन्यात टाकले असते तर, पुढच्या महिन्यात टाकले असते तर, असं करत जायचं. बोटानं ढकललं की रेघ बदलायची. एकदा ती अशी पडली की मी डोळ्यांजवळ फोन धरला. जगभराचा बाजार कोसळला होता ते साल. अर्ध्याच्या आसपास पैसा गेलेला. मला आमच्या बोंडांची आठवण झाली. बाहेरून हिरवं, आत काही नाही.

आता मी म्हणालो, राहू द्या, यात पडायचंच नाही, सगळं बँकेत ठेवा. माझं असंच असतं. एकतर सगळं इकडे, नाहीतर सगळं तिकडे. प्राजक्तानं तेही लावून पाहिलं. ठेवीची रेघ सपाट, सुरक्षित, आणि पुढं कॉलेजच्या खर्चाची वाढ धरली तर शेवटच्या सालाला कमी पडणारी.

सुभद्रा इतका वेळ शेंगाच निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघेचा खड्डा डोळ्याला दिसतो. तिनं ओल्या बोटानं तो खड्डा दाखवला, काचेवर तुरीचा हिरवा डाग पडला.

"पोरी, हे अथी पडलं, मंग परत वर याले किती दिवस लागले?"

प्राजक्तानं मोजून सांगितलं. महिने नव्हते, दीड-दोन सालं होती. इतर वेळी कमी, पण त्या पडझडीत तेवढी.

"मंग तेवढे दिवस तुह्यं कॉलेज थांबन काय?"

 आम्ही सगळे खड्डा किती खोल ते पाहत होतो. तिनं त्याची रुंदी पाहिली, कारण तिला दुसऱ्या काठावर पोरगी उभी दिसत होती.

त्याच्यावरून पुढचे काही दिवस त्या खोलीत नुसतं वाटण्या करून पाहणं चाललं. इतकं इकडे, इतकं तिकडे. प्राजक्तानं असं मांडलं की पहिल्या दोन सालांची फी बँकेच्या ठेवीत, बाकीचं दोन वेगळ्या फंडांत, तेही एकदम नाही, थोडं थोडं. मग ते तिनं सगळ्यात वाईट महिन्यापासून चालवलं. खड्डा आला. पण तो रुंदीनं जेवढा होता तेवढ्या दिवसांची फी ठेवीतून निघत होती आणि रेघ वर यायला वेळ मिळत होता. तरी चांगल्या सालांत ही वाटणी साहेबाच्या रेघेपेक्षा बरीच खाली राहायची. मला ते सलत होतं.

मी म्हणालो, "हे ठेवीचं कायले एवढं ठेवून राह्यली? काही पिकत नाही त्यात."

ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आबा, थे बियाण्याच्या डब्यातलं लहान पाकीट आहे."

 मी ढिगातला एक बोंडाचा तुकडा उचलला, त्याची टोकं बोटाला लागेपर्यंत दाबत बसलो. रशीदभाईनं खुर्ची सरकवली आणि चहाचं विचारलं. त्या दिवशी ठरलं.

हे सगळं आठवलं की वाटतं, आम्ही किती हसलो त्या साली. वावर रिकामं, कोठी रिकामी, आणि घर माणसांनी भरलेलं. दुपारचं ऊन दारातून आत येऊन कापसावर पडायचं आणि तेवढा गुडघाभर ढीगसुद्धा उजेडानं मोठा दिसायचा. शेंगांच्या टरफलांचा कच्चा वास. सुभद्राच्या बांगड्यांचा आवाज. तिला त्या यंत्रावर विश्वास होता असं नाही. ती म्हणायची, थे मागचं दाखवते, पुढचं त्याच्या बापाले ठावं नाही. तसं त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. प्राजक्तानं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, मंग खरं बोलते म्हणायचं.

प्राजक्ता कॉलेजला गेली. पहिली फी ठेवीतून गेली. मग ते साल आलं ज्यात सगळं बंद झालं. रस्ते, बाजार, गाड्या. वसतिगृह रिकामं केलं आणि पोरगी घरी आली. त्या उन्हाळ्यात सुभद्रा आजारी पडली. छातीचं होतं, साथीचं नव्हतं, पण त्या दिवसांत दोन्हीला दवाखाना सारखाच लांब होता. संतोषनं परवान्यासाठी धावपळ केली, टेम्पो काढला. तिला बुलढाण्याला नेलं, ती वाचली नाही, त्याच टेम्पोतून परत आणावं लागलं. खांद्याला घरचीच माणसं. रशीदभाई अंतर ठेवून मागून चालत आला, तोंडाला रुमाल बांधून, आणि लाकडं रचायला मात्र सगळ्यात पुढं होता.

तेव्हा फोनमधली रेघ खाली होती. खऱ्या पैशाची, आमच्याच. आम्ही कापसावर बसून पाहिलेला खड्डा आता आमच्या पायाखाली आला होता. संतोष म्हणाला, बाबा, आहे तेवढं काढून घेऊ, अजून खाली गेलं तर? त्याचं चुकलं नव्हतं. टेम्पो उभा होता, घरात मढ्याचा खर्च झालेला. मीही सही करायला तयार होतो. खरं तर तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. सुभद्रा गेली तर रेघ कुठं का जाईना.

प्राजक्ता म्हणाली, दुसऱ्या सालाची फी ठेवीत आहे. फंडातलं तिसऱ्या सालाचं आहे. आजीनं एवढाच खड्डा मोजला होता, अजून आपण त्याच्यातच आहोत.  संतोषनं टेम्पोवर भाजी वाहायला सुरुवात केली. दुसरी फी ठेवीतून गेली. आणि रेघ आपल्या चालीनं वर आली, तिसरी फी लागायच्या आधी. फार वर आली असं मी सांगत नाही, कोणी आमच्यावरून सरसकट धडा घेऊ नये. पुरली. आम्हाला पुरण्याशीच मतलब होता.

पण मला दुसरी खोड लागली होती. मी माझ्याच डोक्यात चाचण्या लावायला लागलो. तिला आदल्या आठवड्यात नेलं असतं तर. बुलढाण्याला न नेता अकोल्याला नेलं असतं तर. रस्ते चालू असते तर. माघातच ती एकदा दम लागला म्हणाली होती, तेव्हाच धरलं असतं तर. प्रत्येक महिन्यातून सुरुवात करून पाहिली. हे यंत्र खरंच फुकट असतं. त्याला रेंज लागत नाही, कार्ड लागत नाही. बसल्या बसल्या चालतं, जेवताना चालतं, औत हाकताना चालतं. आणि प्रत्येक वेळी रेघ तिथंच येऊन संपते.

एकदा मी हे सगळं प्राजक्तासमोर बोललो. ती भांडी घासत होती. तिनं हात धुतले, माझ्याजवळ बसली.

"आबा, मागचं पाह्याचं थे पुढचं ठरवाले. तुमाले पुढं काही ठरवाचं आहे काय?"

मी म्हणालो, नाही.

"मंग नका पाहू. नाहीतर ठरवा काहीतरी."

शिकलेली पोर असं तोडून बोलते तेव्हा राग येतो. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वखर काढलं. त्या साली मी पऱ्हाटीत परत तुरीची ओळ धरली, रस्त्याच्या बाजूला ज्वारी घातली. पारावर एकानं विचारलंच, का भाऊ, जनावरं वाढली का? मी म्हणालो, हाव, एक मीच वाढलो. ज्वारीवर पाखरं इतकी आली की हाकलता हाकलता दिवस जायचा. दिवस जाणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. ज्याचा जात नाही त्याला विचारा.

दुःख कमी होतं असं लोक सांगतात. माझं कमी नाही झालं. त्याच्या शेजारी दुसऱ्या ओळी उभ्या राहिल्या, एवढंच. आधी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तेच एक पीक होतं. आता मधून मधून दुसरं काही दिसतं. सकाळी चहा करताना मी अजून दोन कप काढतो. मग एक परत ठेवतो आणि ज्वारीकडे निघतो.

काल दुपारी वेचणी चालू होती. यंदा कापूस बरा आहे. भावाचं मी बोलत नाही, तो बोलण्यासारखा असता तर आधीच सांगितलं असतं. बाया ओट्या भरून गठोड्याकडे येत होत्या आणि प्राजक्ता मेहकरच्या बसनं आली. तिथल्या दवाखान्यात ती नोकरीला आहे. सुट्टीला आली तरी तिच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र असतंच. बाभळी गेल्यापासून वावराच्या कडेला सावली नाही, म्हणून तिनं बैलगाडीच्या सावलीत पोतं अंथरलं. बाया एकामागून एक बसल्या. कोणाला किती निघाला यावर थट्टा चालू झाली. एकीला जास्त निघाला तर दुसरी म्हणाली, नवऱ्याचा मोज, त्याच्यामुळंच आहे. प्राजक्तानं त्या बाईला हसत हसत तीन वेळा विचारलं, डोकं दुखतं का, गोळी सुरू आहे का, बंद का केली. मग हसणं थांबवून तिला सोमवारी दवाखान्यात यायचं कबूलच करायला लावलं. बाई हो म्हणाली. माझं बोलणं त्या बाईनं आयुष्यात कधी ऐकलेलं नाही.

शेवटी मला बसवलं. बाही वर केली, पट्टा बांधला, तपासायची नळी स्वतःच्या कानात घातली. मी रशीदभाईबद्दल काहीतरी सांगायला लागलो, की त्याचाही मोज, तो गादीवर बसून बसून फुगला आहे.

"आबा, आता बोलू नका. बोललं की आकडा चुकते."

मी बोलायचं थांबलो. मागं बाया फिदीफिदी हसायला लागल्या, कारण मला असं गप्प बसवलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. प्राजक्तानं नजर काट्यावरून न हलवता त्यांच्याकडेही एक बोट वर केलं. पट्टा दंडावर आवळत गेला. बाया गप्प झाल्या, गठोडं बांधणारा संतोष हात थांबवून उभा राहिला, आणि सगळं वावर तिच्या त्या एका बोटाखाली, ती काय ऐकते आहे याची वाट पाहत, उगी राहिलं.